आधी गुटके, मग जॅक : डेन्व्हर ते ब्राइस कॅन्यन, ट्रेलर आणि फोनमधल्या याद्या

डेन्व्हरहून युटातल्या ब्राइस कॅन्यनला कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, गाडीमागे ओढत न्यायचा तर सुरुवातीलाच रॉकी पर्वताचे दोन उंच घाट आणि मग वाळवंट लागतं. मुक्काम चार, आणि चारही ठिकाणची तऱ्हा वेगळी. कोलोरॅडोतल्या फ्रूटाला नळ, वीज, सगळं जागेवर. डेड हॉर्स पॉइंटला वीज आहे, पाणी नाही. कॅपिटल रीफ आणि ब्राइसला जागेवर यातलं काहीच नाही. म्हणजे एकच भलीमोठी यादी करून भागत नाही. सप्टेंबरअखेरच्या या प्रवासात यादी कुठे उपयोगी पडते, कुठे फसवते आणि ती कशी लिहावी, हे दिवसवार लिहितो आहोत.

गाडी म्हणजे 24 फुटी, दोन ॲक्सलचा ट्रॅव्हल ट्रेलर. सामान भरून वजन साधारण 6,000 पौंड, म्हणजे 2,700 किलो. ओढायला पिकअप ट्रक. पिण्याच्या पाण्याची टाकी 40 गॅलनची (सुमारे 150 लिटर), सांडपाण्याची ग्रे आणि संडासाची ब्लॅक अशा दोन टाक्या प्रत्येकी 30 गॅलनच्या. एक बाजू बाहेर सरकणारी, म्हणजे स्लाइड आउट.

निघण्याआधी : याद्या आणि टाक्या

ॲप कुठलंही चालतं. गूगल कीप पुरेसं आहे, कारण एक यादी दोन फोनवर वाटून घेता येते, नेटवर्क नसताना उघडते आणि सगळ्या खुणा एका फटक्यात काढता येतात. खूण केलेली ओळ खाली सरकते, म्हणून राहून गेलेलं काम वरच्या वर दिसत राहतं. ही सोय चालूच ठेवावी.

गाडीच्या याद्या पाच केल्या: जोडणी, निघताना, पोचल्यावर, डंप (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करणं) आणि थंडी. प्रत्येकीत वीसच्या आत ओळी. ऐंशी ओळींची यादी तिसऱ्या दिवशी कोणी वाचत नाही, नुसत्या खुणा पडत जातात.

ओळ लिहिण्याची रीत फार महत्त्वाची. नुसतं 'साखळ्या' लिहिलं तर साखळ्या दिसल्या की खूण होते. 'साखळ्या जिभेखालून फुली मारून अडकवल्या, जमिनीला घासत नाहीत' असं लिहिलं तर वाकून बघावंच लागतं. (जीभ म्हणजे ट्रेलरच्या पुढचा जोडणीचा दांडा.) जिथे मोजमाप शक्य आहे तिथे खूण नकोच, आकडा लिहायचा. टायरची हवा: 65 पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत दाब). चाकाचे नट: 110 फूट-पौंड (आवळण्याचा जोर). बॅटरी: 12.7 व्होल्ट. आकडा लिहायचा म्हणजे गेज हातात घ्यावाच लागतो.

हे आकडे प्रत्येकाने आपापल्या गाडीच्या पाटीवरून घ्यावेत. लोड रेंज (भार पेलण्याची प्रत) डी असलेल्या 15 इंची ट्रेलर टायरला 65 पीएसआय ही कमाल हवा असते, ई प्रतीला 80. हवा गार टायरमध्ये मोजायची, म्हणजे गाडी तीन तास तरी उभी असलेली हवी. टायरच्या बाजूवर डॉट अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण वर्षातले बरेच महिने एकाच जागी उन्हात उभे असतात. खाचा कितीही खोल दिसोत, पाच-सहा वर्षांनी ते बदलावेत. या क्रमांकाचा फोटो यादीला जोडून ठेवला की दर वेळी गाडीखाली डोकं घालावं लागत नाही.

दुसरा फोटो वॉटर हीटरच्या मागच्या बायपास व्हॉल्व्हचा. हिवाळ्यात हीटर वगळून नळांत गुलाबी अँटिफ्रीझ भरलेलं असतं. वसंतात ते धुऊन टाकतात, पण व्हॉल्व्ह तसेच राहून जातात. मग हीटर रिकामा राहतो, आणि विजेचं बटण दाबलं की आतला एलिमेंट काही मिनिटांत जळतो. यादीत तीन ओळी लागोपाठ हव्यात: व्हॉल्व्ह फोटोप्रमाणे, गरम पाण्याचा नळ उघडून धार अखंड, आणि मगच हीटर चालू. क्रम उलटला तर यादी असून नसल्यासारखी.

पाण्याची टाकी निर्जंतुक करायला 15 गॅलनला पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच. 40 गॅलनला दोन तृतीयांश कप, म्हणजे 160 मिलिलिटर. ते पातळ करून ओतायचं, टाकी भरायची, पंप लावून प्रत्येक नळाला ब्लीचचा वास येईपर्यंत पाणी सोडायचं, रात्रभर ठेवायचं आणि वास जाईपर्यंत धुवायचं. बाहेरचा शॉवर हमखास विसरतो. त्याची वेगळी ओळ करावी.

स्वयंपाकाची यादी छोटी, पण कुकर, त्याची शिट्टी आणि एक जादा रिंग तिच्यात हवीच. ब्राइसला कॅम्प 2,400 मीटरच्या आसपास आहे. तिथे पाणी साधारण 92 अंशांनाच उकळतं, आणि उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर शिजवली तरी दाणा दाताखाली येतो. गॅस संपतो तो वेगळाच.

पहिला दिवस : डेन्व्हर ते फ्रूटा, कोलोरॅडो (सुमारे 255 मैल)

जोडणीच्या यादीला इतर कुठल्याही यादीपेक्षा जास्त मान द्यावा, कारण इथली चूक हमरस्त्यावर उघडी पडते. एकाने वाचायचं, दुसऱ्याने हात लावून 'झालं' म्हणायचं, मग वाचणाऱ्याने खूण करायची. हात लावणाऱ्याच्या हातात फोन नको.

क्रम असा. चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके, म्हणजे चाक घरंगळू नये म्हणून लावायच्या पाचरी. मग बॉलचा, म्हणजे पिकअपच्या मागच्या जोडणीच्या गोळ्याचा, आकार वाचायचा, तो बॉलच्या डोक्यावर कोरलेला असतो. कपलर, म्हणजे बॉलवर बसणारी ट्रेलरची वाटी, 2 5/16 इंचाचा आणि बॉल 2 इंची असला तरी तो वरवर बसल्यासारखा वाटतो, खटकाही लागतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात ट्रेलर उसळून सुटतो. कपलर बसला, खटका लागला, पिन घातली. आता परीक्षा: जिभेखालचा जॅक पुन्हा वर फिरवायचा. पिकअपचा मागचा भाग दोन-तीन इंच उचलला गेला तर पकड खरी. कपलर बॉलवरून निसटून एकटाच वर आला तर पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर वजन वाटणारे बार, साखळ्या, सात पिनांचा प्लग आणि ब्रेकअवे केबल. ही केबल साखळीच्या हुकात अडकवू नये. ट्रेलर सुटलाच तर तिच्या ओढीने त्याचे स्वतःचे ब्रेक लागतात. ती साखळीवर अवलंबून असेल आणि साखळीच निसटली, तर तिचं काम ती करेलच याचा भरवसा नाही. ओढणाऱ्या गाडीच्या हिचवर तिची जागा वेगळी ठेवावी.

निघतानाच्या यादीत छपरावरच्या झडपा बंद, अँटेना खाली, स्लाइड आत, पायरी दुमडलेली, फ्रिजची कडी लावलेली आणि दोन्ही सिलिंडर बंद. फ्रिज आधीच गार असेल आणि दार उघडलं नाही तर पाच-सहा तास सहज निघतात, म्हणून चालत्या गाडीत गॅस नकोच. गुटके काढणं सर्वांत शेवटी. त्यानंतर फोन खिशात ठेवून गाडीभोवती एक पूर्ण चक्कर. काय बघायचं ते आता कुठेही लिहिलेलं नाही, आणि म्हणूनच यादीत नसलेलं दिसतं.

घराजवळच्या मोकळ्या पार्किंगमध्ये ताशी 25 मैलांवर ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून पाहिले. चाकं न घसटता गाडी ठामपणे मंदावली की ब्रेक कंट्रोलरचा (ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागावेत ते ठरवणाऱ्या उपकरणाचा) आकडा योग्य. तो आकडाही यादीत. टाक्या भरलेल्या असताना तो थोडा वाढवावा लागतो.

आय-70 महामार्गावर तीसेक मैलांवर आयडाहो स्प्रिंग्जला पहिला थांबा. चारही हबजवळ हात नेऊन बघायचं, किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर लावायचा. आकडा किती आला यापेक्षा चारही सारखे आहेत का, हे महत्त्वाचं. एकच बराच तापला असेल तर बेअरिंग कोरडं आहे किंवा ब्रेक धरून बसला आहे. चाक नुकतंच काढून बसवलेलं असेल तर 10, 25 आणि 50 मैलांवर नट पुन्हा आवळावे लागतात, ताऱ्याच्या क्रमाने.

आयझेनहॉवर बोगदा 3,401 मीटरवर आहे. डेन्व्हर 1,609 वर. एवढ्या चढात बाहेरच्या हवेचा दाब उतरतो आणि टायरचा सेन्सर नुसत्या उंचीमुळे दोन-अडीच पीएसआय जास्त दाखवतो, शिवाय टायर तापल्याची वाढ वेगळी. हवा काढायची नाही. खाली उतरल्यावर टायर कमी हवेत चालेल. याच चढात चिवड्याची सीलबंद पाकिटं फुगतात, आणि इडलीच्या पिठाचा घट्ट झाकणाचा डबा भरलेला असेल तर फ्रिज पुसत बसावं लागतं. डबा अर्धा भरावा, झाकण सैल ठेवावं.

बोगद्यानंतर सिल्व्हरथॉर्नपर्यंत 7 टक्क्यांचा उतार आहे. उतार सुरू होण्याआधीच गियर खाली घ्यायचा, वेग इंजिनाने धरायचा, ब्रेक अधूनमधून ठाम दाबून सोडायचा. सतत पाय ठेवला की ब्रेक तापून सुटतात. पुढे व्हेल पास (3,250 मीटर), ग्लेनवुड कॅन्यन आणि संध्याकाळी फ्रूटा.

पोचल्यावरच्या यादीचं पहिलं काम म्हणजे निघतानाच्या यादीवरच्या सगळ्या खुणा काढणं. पुढच्या सकाळच्या घाईवर हे सोपवलं की जुन्या खुणा आणि नव्या खुणा सारख्याच दिसतात, आणि न केलेलं काम झालेलं वाटतं. आमच्या मते फोनवरच्या याद्यांचा हा सर्वांत मोठा धोका. कागदाची यादी निदान नवी घ्यावी लागते.

वीज जोडताना खांबावरचा ब्रेकर आधी बंद, मग सर्ज प्रोटेक्टर लावून ब्रेकर चालू, त्याने तारा उलट किंवा अर्थिंग नसल्याचं दाखवलं नाही की ब्रेकर पुन्हा बंद करून मगच ट्रेलरची केबल. 30 अँपिअरच्या जोडणीवर एसी, मायक्रोवेव्ह आणि हीटरचा एलिमेंट एकदम चालत नाहीत. नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर, मग पिण्याच्या पाण्याची पांढरी किंवा निळी नळी. कॅम्पच्या नळाला दाब कितीही असू शकतो, आणि ट्रेलरच्या प्लास्टिक नळ्यांना 40 ते 50 पीएसआयच बरा.

दुसरा दिवस : फ्रूटा ते डेड हॉर्स पॉइंट

आजची खरी तयारी निघण्याआधीच. डेड हॉर्स पॉइंट स्टेट पार्कमध्ये पाणी टँकरने आणतात, तिथे ट्रेलरची टाकी भरता येत नाही. फ्रूटाला 40 गॅलन भरून घेतलं. त्याचं वजन 334 पौंड, जवळजवळ 150 किलो. टाकी ॲक्सलच्या पुढे असेल तर जिभेवरचा भार वाढतो, मागे असेल तर घटतो. हा भार एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के हवा. त्याखाली गेला की वाऱ्यात आणि ट्रकच्या झोतात ट्रेलर शेपूट हलवू लागतो. म्हणून टाकीची जागा आणि भरल्यावर जिभेवर येणारा भार, दोन्ही यादीत लिहून ठेवले आहेत.

डंपची यादी भिंतीवर चिकटवावी इतकी ती क्रमावर चालते. हातमोजे. नळी आधी ट्रेलरला, मग दुसरं टोक जमिनीतल्या भोकात, त्यावर वजन. ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडायचा, धार थांबेपर्यंत थांबायचं, बंद करायचा. मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. ग्रे बंद. नळी ट्रेलरकडून सोडून उचलत उचलत रिकामी करायची. टोपण. शेवटी संडासातून ब्लॅक टाकीत दोन गॅलन पाणी आणि औषध. हे पाणी विसरलं तर पुढचा मैला कोरड्या तळावर पडून त्याचा ढीग घट्ट होतो. जागेवरच ड्रेन असलेल्या मुक्कामात ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवणारेही याच त्रासात सापडतात: पाणी वाहून जातं, घट्ट ते मागे राहतं. टाकी दोन तृतीयांश तरी भरू द्यावी, मग एकदम सोडावी.

क्रेसेंट जंक्शनला आय-70 सोडून 191 नंबरच्या रस्त्यावर, आणि मोआबच्या अलीकडे 313 नंबरच्या रस्त्याने पठारावर. डिझेल-पेट्रोल आणि किराणा वर काही मिळत नाही.

तिसरा दिवस : मुक्काम

चौघांना जपून वापरलं तर दिवसाला बारा ते पंधरा गॅलन लागतात. भांडी आधी कागदाने पुसायची, अंघोळ अंग भिजवून नळ बंद करून. पाण्याच्या पातळीचे दिवे चारच पायऱ्या दाखवतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवली की पुढचा अंदाज बांधता येतो. कॅम्प सोडून फिरायला जाताना एकच ओळ: दाराबाहेरचं कापडी छत गुंडाळलं. कड्यावर वारा विचारून येत नाही, आणि मोडलेलं छत गुंडाळताही येत नाही.

चौथा दिवस : कॅपिटल रीफ (दीडशे मैलांच्या आसपास)

पठारावर नेटवर्क क्षीण असतं, आणि सकाळची जोडणी करताना नेमकी याचीच गाठ पडते. नेटवर्क असलं की एकाने केलेली खूण दुसऱ्याच्या फोनवर दिसते. ते गेलं की दोन फोनवर दोन वेगळ्या याद्या होतात. एकजण मागे दिवे तपासतो, दुसरा पुढे साखळ्या, आणि प्रत्येकाला उरलेलं काम दुसऱ्याने केलं असं वाटतं. नंतर नेटवर्क आलं की दोन्हीकडच्या खुणा एकत्र होऊन यादी पूर्ण दिसते, त्यामुळे काय राहिलं ते कळायलाही जागा उरत नाही. नेटवर्क नसेल तिथे यादी एकाच फोनवर, दुसरा फोन खिशात. यादीच्या पहिल्या ओळीतच आज फोन कोणाचा, ते लिहायचं.

मुक्कामाच्या यादीत राज्याचं नाव हवं, कारण कॅपिटल रीफच्या कॅम्पचं नावही फ्रूटाच आहे. नकाशात नुसतं फ्रूटा टाकलं की तो मागे कोलोरॅडोत न्यायला निघतो. नकाशे आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून घ्यावेत. आय-70 वरून 24 नंबरच्या रस्त्याला वळलं की हँक्सव्हिलपर्यंत 44 मैल उघडं वाळवंट आहे. आडव्या वाऱ्यात वेग 55 वर आणावा. हँक्सव्हिलला खडकाच्या पोटात दुकान असलेला पंप आहे, तिथे टाकी भरावी.

कॅपिटल रीफच्या कॅम्पला 71 जागा आहेत, फळबागांच्या मधोमध. जागेवर नळ किंवा वीज नाही, पण हंगामात डंप आणि पाणी भरायची सोय आहे. जागा तिरकी असेल तर आधी डावी-उजवी बाजू समतल करायची, चाकाखाली ठोकळे घालून आणि ट्रेलर जोडलेला असतानाच. मग गुटके. मग सोडणी. मग जॅकने पुढे-मागे. मग कोपऱ्यांचे पाय. हे पाय गाडी डुलू नये म्हणून असतात, त्यांनी गाडी उचलली तर चौकट पिळते आणि दारं अडकतात. जॅक फिरवल्यावर गुटक्यांची आठवण होऊन उपयोग नाही. ट्रेलर बॉलवरून सुटला की त्याला धरून ठेवणारं गुटक्यांखेरीज दुसरं काही नाही.

शेजारचे लोक याच वेळी गप्पा मारायला येतात. चांगले लोक असतात, बोलावं. पण जोडणीची यादी मध्ये तुटली तर जिथे होतो तिथून पुढे न जाता कपलरपासून सगळ्या खुणा काढून पुन्हा. पाच मिनिटं जातात.

पाचवा दिवस

बागांत फिरणं आणि बॅटरी भरणं. जनरेटर ठरावीक वेळातच चालवता येतो, म्हणून फोनमध्ये त्या वेळेचा गजर. साध्या लेड ॲसिड बॅटरीला 12.2 व्होल्ट म्हणजे अर्धी संपली, त्याखाली नेऊ नये. व्होल्ट मोजताना भार आणि चार्जर दोन्ही बंद हवेत.

सहावा दिवस : ब्राइस कॅन्यन

रस्ता निवडायचा तो यादीवर, हौसेवर नाही. राज्यमार्ग 12 अप्रतिम आहे, पण बोल्डर माउंटन चढून गेल्यावर पुढे दोन्हीकडे दरी असलेली अरुंद धार आणि काही ठिकाणी 14 टक्क्यांपर्यंतचे उतार आहेत. ट्रेलरचे ब्रेक, पिकअपची ताकद आणि चालवणाऱ्याचा सराव, तिन्हींवर निःशंक खूण होत असेल तर जावं. नसेल तर टोरीहून लोआमार्गे 24, मग 62 आणि 89 ने पँग्विच हा रस्ता लांब पण सौम्य आहे. आम्ही हाच सुचवू. बारा नंबरचा रस्ता ट्रेलर सोडून, नुसत्या पिकअपने बघता येतो. पँग्विचनंतर रेड कॅन्यनमध्ये खडकातले दोन आखूड बोगदे लागतात. एसीसकट गाडीची उंची फुटांत लिहिलेली चिठ्ठी स्टिअरिंगसमोर असावी.

रात्री थंडीची यादी. सप्टेंबरअखेर इथे पारा शून्याखाली जाऊ शकतो. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी, म्हणजे नळ्यांना उब लागते. बाहेरचा शॉवर रिकामा. फर्नेसचा (ट्रेलरमधली हवा तापवणाऱ्या यंत्राचा) पंखा आठेक अँपिअर ओढतो. दहा तासांत निम्मा वेळ चालला तर 40 अँपिअर-तास. 100 अँपिअर-तासांच्या लेड ॲसिड बॅटरीतले पन्नासच वापरायचे असतात, म्हणजे झोपताना बॅटरी पूर्ण भरलेली हवी. लिथियम असेल तर पहाटे गोठणबिंदूखाली ती चार्ज करायची नाही, सेल बिघडतात. शोषण पद्धतीचा फ्रिज एवढ्या उंचीवर गॅसवर कधी पेटतो, कधी विझतो. तपमान झोपताना एकदा बघावं. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून आवाज ऐकायचा, त्याच्या मागच्या मुदतीची तारीख वाचायची. कुकर लावताना छपराची झडप उघडी, आणि शेगडी उबेसाठी कधीही पेटवायची नाही.

सातवा दिवस आणि परती

नॉर्थ कॅम्पग्राउंडजवळच्या डंप स्टेशनवर टाक्या रिकाम्या केल्या. परतीला पाणी भरायचं ते पाच गॅलनच, चढावर उगाच वजन कशाला. वाटेतल्या मुक्कामात याद्या तपासाव्यात: जी ओळ दर वेळी न बघता खूण होते ती नीट लिहावी किंवा काढून टाकावी.

डेन्व्हरला परतल्यावर पहिल्या कडक थंडीआधी नळ्यांत अँटिफ्रीझ भरायचं असतं. हीटर गार होऊ द्यायचा, दाब काढायचा, मगच खालचा प्लग उघडून तो रिकामा करायचा. गरम आणि दाबाखाली असलेला उघडला तर उकळतं पाणी अंगावर येतं. मग बायपास. बायपास केला नाही तर सहा गॅलन अँटिफ्रीझ नुसतं हीटरच पितो. केला तर दोन ते तीन गॅलन पुरतं. प्रत्येक नळाला गुलाबी धार येईपर्यंत पंप, संडास, बाहेरचा शॉवर, आणि सिंकच्या पी-ट्रॅपमध्ये (खालच्या वाकड्या नळीत) एकेक कप. बायपास केलेल्या व्हॉल्व्हचा फोटो काढून तो वसंतातल्या यादीच्या पहिल्या ओळीला जोडून ठेवावा.